जैनबखालांच्या विमानाची पलटी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पेणच्या एसटी स्टँडवर एका ताईतवाल्याशी भांडत होते. ते म्हणाले, "तुमच्या कामाचे अनुभव लिहा. पण जरा शांतपणे हं. दिवाळी अंक आहे, पत्रक नाही." मी लिहायचं कबूल केलं. शांतपणाचं वचन दिलेलं नाही, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावं. या पानांवर दरवर्षी निवृत्त डॉक्टर, निवृत्त स्टेशनमास्तर, निवृत्त तहसीलदार लिहितात. ती मंडळी खुर्चीतून उठून लिहायला बसतात. मी अजून खुर्चीपर्यंत पोचलेलीच नाही. आमच्या संघटनेच्या पेणच्या कार्यालयात खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर पत्रकांचे गठ्ठे बसलेले असतात.

माझं काम काय, हे मला नेहमी विचारलं जातं, विशेषतः स्थळं सुचवणाऱ्या बायकांकडून. मी विज्ञान प्रचाराची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. माझी आत्या हेच सोप्या शब्दांत सांगते: "आमची वृषाली लोकांच्या घरी जाऊन तुमचं चुकतंय म्हणून सांगते." व्याख्या बरोबर आहे. पेणपासून रोह्यापर्यंत कुठे काही अफवा उठली, कुठे बाबा उगवला, कुठे मोबाइलवर भलतंसलतं फिरायला लागलं, की मी स्कूटर काढते.

आमची हत्यारं दोन. पहिलं पत्रक. पत्रक लिहिणं ही सोपी गोष्ट नाही. माणूस ते हातात घेतो तेव्हा त्याची बस सुटत असते. म्हणून वाक्य आखूड हवं. शेवटी उद्गारचिन्ह हवं. 'कदाचित', 'बहुधा' आणि 'पण' हे शब्द पत्रकात येता कामा नयेत. ही शिकवण मला कॉलेजात असतानाच मिळाली आणि ती माझ्या बोलण्यातही उतरली आहे, असं घरचे म्हणतात. आमच्या पत्रकात बांधलेले पेणचे पापड मी स्वतः विकत घेतलेले आहेत. निदान विचार घराघरांत तरी पोचतो.

दुसरं हत्यार प्रात्यक्षिक. त्याची आमची एक ठरलेली रीत आहे. आधी तोच चमत्कार आपण करून दाखवायचा, लोकांना तोंडात बोट घालू द्यायचं, आणि मग तो फोडायचा. कोलाडला एक बाबा नुसतं पाणी शिंपडून नारळ पेटवत असे. शेंडीत सोडियमचा खडा लपवला की पाणी लागताच तो भडकतो, एवढीच त्याची सिद्धी. मी भर नाक्यावर नारळ पेटवला. माणसांनी तोंडात बोटं घातली. मग शेंडी सोडून खडा दाखवला, कारण सांगितलं, घसा कोरडा केला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, ते बाबा घरी येऊन करायचे. तुमी येता काय?"

आता शहाण्या माणसाने त्याच दिवशी ही रीत बदलली असती. आम्ही प्रचारक आहोत. आम्ही ती अधिक जोरात केली.

तर विमानाची गोष्ट.

शबाना ही माझी कॉलेजातली मैत्रीण, रोह्यात शिकवण्या घेते. तिचा फोन आला. "वृषा, तुझी ती फोडाफोडी करायला ये. माझी खाला विमानात बसायला तयार नाय."

रोह्याच्या खाली, खाडीच्या काठाला त्यांचं गाव आहे. घरटी एक माणूस आखातात. सगळ्या गावाला विमानाची इतकी सवय की कोण कधी आला नि कोण कधी गेला हे बकऱ्यांनाही कळतं. पण जाणारे पुरुष. जैनबखाला, म्हणजे शबानाच्या आईची थोरली बहीण, खाडी ओलांडून पलीकडे जायची ती होडीने, आणि रोह्याला मिनीडोर रिक्षाने. त्यापलीकडे तिला कधी काम पडलं नव्हतं. आता पडलं होतं. तिची मुलगी सलमा मस्कतला होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. जावई कंपनीत शिफ्टवर. घरात दुसरं बाईमाणूस नाही. तिकीट झालं होतं, व्हिसा झाला होता, बॅगेत डिंकाचे लाडूसुद्धा भरून झाले होते. आणि मग खालाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आला.

मी तो पाहिला. तुम्हीही पाहिला असेल. एक अवाढव्य प्रवासी विमान धावपट्टीजवळ येतं, एका अंगावर कलंडतं, पोट आकाशाकडे करून पुरतं उलटं होतं, मग दुसऱ्या अंगाने सरळ होऊन चाकांवर अलगद उतरतं. मागे ढोल-ताशे. खाली लाल अक्षरांत, 'पायलटने वाचवले सर्वांचे प्राण. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.' तो सरळसरळ कॉम्प्युटरवरचा खेळ होता. एवढ्या मोठ्या विमानतळावर एक माणूस नाही, एक गाडी नाही, एक कुत्रं नाही! ज्याने तो खेळ बनवला त्याच्यावर माझा राग नाही. ज्याने 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' लिहिलं, तो मला एकदा सुकेळी खिंडीत एकटा सापडायला हवा.

खाला पडवीत सुकट निवडत बसली होती. अंगाने आडवी, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. शेजारची हमीदाभाभी मदतीला होती, म्हणजे बोलायला. तिचा मुलगा कुवेतला. 'अम्मा ये, अम्मा ये' म्हणून तो थकला होता. भाभी विमानाचं नाव काढलं की कानात बोटं घालायची.

मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. "खाला, तो व्हिडिओ खोटा आहे."

"खोटा कसा? माज्या डोल्यांनी बगितला."

"तो खेळ आहे, कॉम्प्युटरवरचा. मोठी विमानं पलटी मारत नाहीत."

खालाने हातातली सुकट खाली ठेवली. "मारत नायत, का मारता येत नाय?"

"येत नाही!" मी म्हटलं. उद्गारचिन्हासकट.

"होडी पन पलटी मारत नाय गो," खाला म्हणाली. "माजे घरवाले बोलायचे, आपली होडी खाडीत वाडलेली हाय, ती काय पलटी मारते. एकदाच मारली. मी खाली, होडी वर, आन तोंडात सगला चिखल. वर कुटं नि खाली कुटं ते कलत नाय उलटं झाल्यावर. तू झालीस का कदी उलटी?"

मी कधी उलटी झाले नव्हते. हमीदाभाभी म्हणाली, "मी तर मेले तरी बसनार नाय. कुवेतला माजी मैयत पन जानार नाय."

"भाभी, तुझी मैयत कुवेतला कशाला जाईल?" शबाना म्हणाली.

"म्हनून तर सांगते, जानार नाय."

खालाने मला चहा दिला आणि वर सांगितलं, "सगल्या गावासमोर मी बोललेय, नाय जात म्हनून. आता नाय म्हंजे नाय." आत मोबाइल वाजला. मस्कतहून सलमाचा होता. खाला उठली नाही. वाजून वाजून तो बंद पडला आणि खाला पुन्हा सुकट निवडू लागली. तेव्हा मला कळलं की हे भांडण विज्ञानाचं नाही. पण मला विज्ञानाचंच भांडण येत होतं.

परत येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'मोठे प्रवासी विमान पलटी मारूच शकत नाही! अफवांना बळी पडू नका!' छापायला टाकण्याआधी ते पाटीलसरांना दाखवायला रोह्याला नेलं. सर आमच्या संघटनेतले ज्येष्ठ, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सरांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वृषाली, हे खोटं आहे."

"व्हिडिओ खोटा आहे सर."

"व्हिडिओही खोटा आहे आणि पत्रकही खोटं आहे. मोठं प्रवासी विमान पलटी मारू शकतं. मारलेलीही आहे."

मी खुर्चीत बसले. सरांकडे खुर्च्या आहेत.

सरांनी सांगितलं ते असं. पूर्वी अमेरिकेत चार इंजिनांचं एक नवं प्रवासी विमान तयार झालं होतं. कंपनीच्या चाचणी वैमानिकाने एका तळ्यावर जमलेल्या गर्दीसमोर ते नेलं आणि लोळवलं, चटईवर पोर कुशीवरून कुशीवर लोळतं ना, तसं. पुढे जाता जाता, हलकेच, स्क्रूच्या आट्यासारखं. विमानाला काही झालं नाही. त्याच्या साहेबाला मात्र खाली उभ्या उभ्या घाम फुटला. अशी पलटी नीट जमली तर आतल्या माणसाला उलटं झाल्याचं कळतही नाही. जमीन त्याच्या पायाखालीच आहे असं वाटत राहतं.

"आणि उभी कोलांटी? डोक्यावरून?"

"ती नाही. कसरतीची छोटी विमानं मारतात, त्यांचे पंख वजनाच्या सहापट ओझं झेलायला बांधलेले असतात. प्रवासी विमानाला अडीचपटीचा हिशेब. शिवाय सुकेळी खिंड चढताना भरलेला ट्रक कसा दम टाकतो? तसं हे वर चढता चढता दम टाकेल. आणि उतरताना असा वेग घेईल की नाक वर काढता काढता पंख मोडायची वेळ. म्हणून लिही, शकतं, पण एकाच तऱ्हेने, पण अगदी कसलेल्या हाताने, पण प्रवासी बसलेले असताना कायद्याने मनाई आहे म्हणून कोणी मारत नाही."

"सर, पत्रकात 'पण' बसत नाही. तुम्ही तीन घातलेत."

"मग पत्रक नको. प्रात्यक्षिक करू," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात जो आनंद होता, त्यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

प्रात्यक्षिकाला विमान हवं. आमच्या पेणला काहीही हवं असलं तर माणूस गणपतीच्या कारखान्यातच जातो. आमच्या आळीतल्या बाळूदादाचा कारखाना आहे. मोसम संपला होता, हात रिकामे होते. मी म्हटलं, कागदाच्या लगद्याचं हलकं विमान करून दे, हातभर. आठवड्याने आणायला गेले. विमान सुरेख झालं होतं. पांढरंशुभ्र, पंख तुकतुकीत, शेपटीवर सोनेरी पट्टा. आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना डोळे.

डोळे म्हणजे नुसते डोळे नव्हेत. लांब पापण्या, आत लालसर छटा, बुबुळात पाण्याचा ठिपका. तुम्ही कुठेही उभे राहा, विमान तुमच्याकडे बघत होतं.

"बाळूदादा, डोळे कशाला?"

"डोळ्यांची आखणी केल्याशिवाय वस्तू दुकानाबाहेर पाठवायची नाय, असा आपला वडिलांपासूनचा नियम," तो म्हणाला. "डोळ्याशिवाय ते मेलेलं दिसत होतं."

"ते विमान आहे! आम्ही अंधश्रद्धेविरुद्ध काम करतो!"

"मग करा ना. बघून करा." पुसायला गेले तर रंग पक्का होता. स्कूटरच्या पुढ्यात ते विमान ठेवून मी नागोठणे, खांब, कोलाड करत रोह्याला गेले. खांबजवळ चहाला थांबले, तेवढ्यात कोणीतरी त्याच्या पंखावर जास्वंदीचं फूल ठेवलं. मी फूल काढलं आणि त्या टपरीवर पाच मिनिटं भाषण केलं. टपरीवाला म्हणाला, "ताई, फूल मी नाय ठेवलं, पन काढलं ते बरं नाय केलं."

गावात शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता, उन्हं कलल्यावर. शबानाने हाळी दिली होती, त्यामुळे बाया, म्हातारे, सुट्टीवर आलेले चार आखातवाले असे सगळे होते. खाला पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर हातांची घडी घालून. न्यायाधीश बसावेत तशी. हमीदाभाभी तिच्या मागे, अर्धी आडोशाला.

सरांनी थाळी काढली. तीन दोऱ्यांनी टांगलेली थाळी, तिच्यावर चिकटपट्टीने बसवलेलं विमान, आणि विमानाच्या शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला.

खालाने विमान निरखलं. "ह्याला डोले हायत."

"चुकून आलेत," मी म्हटलं.

"बरं हाय की. दिसतं तरी."

"आता हे विमान मी उलटं करणार," सर म्हणाले. "पाणी सांडेल की राहील?"

"सांडंल!" सगळं पटांगण ओरडलं. गफूरचाचा म्हणून एक उत्साही गृहस्थ होते, ते उठून चार पावलं मागेच सरकले.

सरांनी थाळीला झोका दिला आणि गोफण फिरवावी तशी ती गरगरा डोक्यावरून फिरवली. विमान वर गेलं, उलटं झालं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. डोळे वटारून सगळ्यांकडे बघत फिरत राहिलं. पाण्याचा थेंब सांडला नाही. सरांनी थाळी हलकेच थांबवली, पेला उचलला आणि सगळ्यांसमोर पिऊन टाकला.

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. गफूरचाचा परत पुढे आले. आमच्या रीतीप्रमाणे हा पहिला भाग झाला, लोकांच्या तोंडात बोट गेलं होतं. आता मी उठणार आणि दुसरा भाग सुरू करणार: की बाबांनो, तुम्ही पाहिलीत ती उभी कोलांटी, आणि मोठ्या विमानाला नेमकी तीच झेपत नाही, झेपते ती आडवी, तीही कोणी मारत नाही, म्हणून तो व्हिडिओ खोटा. मी घसा साफ केला.

खाला उठून उभी राहिली.

"बस," ती म्हणाली. "कललं. उलटं झालं तरी पानी सांडत नाय. मंग मी काय पान्यापेक्षा पातल हाय? मी जाते मस्कतला."

पटांगण उसळलं. कोणीतरी 'खाला की जय' म्हणालं. आखातवाले टाळ्या पिटत होते. मी ओरडले, "थांबा! अजून अर्धं राहिलंय! विमान असं फिरत नाही! हे चुकीचं आहे!" आपलंच प्रात्यक्षिक चुकीचं आहे म्हणून ओरडणारी कार्यकर्ती त्या गावाने पहिल्यांदाच पाहिली असेल. कोणी लक्ष दिलं नाही. बाया खालाबरोबर निघाल्याच. सर दोऱ्या गुंडाळत होते. "सर, काहीतरी करा!" सर म्हणाले, "थाळी फार छान फिरली, नाही?"

मी मात्र पत्रकावर वाढलेली. अर्धं सत्य सोडून परत गेले असते तर मला जेवण गोड लागलं नसतं. मी थाळी उचलली आणि खालाच्या मागोमाग तिच्या स्वयंपाकघरात शिरले. तिथे तिने मला पाटावर बसवलं, पुढ्यात तांदळाची भाकरी नि सुकटीचं कालवण ठेवलं. मी एका हाताने जेवत, एका हाताने विमान धरून दुसरा भाग सगळा सांगितला. आडवी पलटी, उभी पलटी, अडीचपट, सहापट, सुकेळी खिंड. खालाने मध्ये एकदाही तोडलं नाही. नुसती भाकरी वाढत राहिली.

"म्हंजे पायलटनं मनात आनलं तर आडवं लोलतं," ती शेवटी म्हणाली.

"हो. पण तो मनात आणत नाही. कायदा आहे."

"कायदा हायवेवर पन हाय."

तुम्ही मुंबई-गोवा हायवेने आला असाल तर यावर वाद घालणार नाही. मी म्हटलं, "खाला, उलट त्या हायवेवरून विमानतळावर पोचणं हाच मोठा धोका आहे. विमान त्यापुढे काहीच नाही. तुम्ही मिनीडोरमध्ये मागे लटकून जाता तेव्हा भीती नाही वाटत?"

"त्याच्यात आपला डायवर असतो." मग तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "तू किती वेला बसलीस गो विमानात?"

मी हातातलं विमान खाली ठेवलं. "एकदाही नाही."

शबाना दारात होती, तिने पदर तोंडाला लावला. खाला अशी हसली की कालवणाचं भांडं हललं. "बसली नाय, आन एवडी भांडते! अल्ला!" हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "ऐक. मी गावासमोर नाय बोलले व्हते. आता गावासमोर व्हय बोलायला गावासमोरच कायतरी घडायला पायजे का नको? आज घडलं. आता तू ते बिगडवू नको. जेव."

"पण खाला, तुम्हाला खरं काय ते पटलं ना? तो व्हिडिओ खोटा आहे हे?"

"पोरी, सलमाचा फोन मी उचलला नाय तवापासून मला झोप नाय. तुज्या विडिओचं मी काय करू?" आणि तिने तिथेच, भाकरीच्या पिठाच्या हाताने, मस्कतला फोन लावला.

खाला गेली. शबाना तिला विमानतळावर सोडायला गेली होती. पेणपर्यंतच्या खड्ड्यांत गाडी इतकी उडाली की खाला दोनदा म्हणाली, ती पलटी हीच असंल तर मी झेलली. शबानाने मला दुपारी मेसेज केला, 'आत गेली. मागे वळून बघितलं नाय.' संध्याकाळी दुसरा आला, पोचली. त्यानंतर काही दिवसांनी मुलगी झाली, आई आणि बाळ सुखरूप. बाळाला पहिली आंघोळ नानीने घातली. मी कार्यालयात एकटीच नाचले. सोबत पत्रकांचे गठ्ठे होते.

आणि मग खालाने गावच्या बायकांच्या ग्रुपवर आवाजी निरोप पाठवला.

तो मी शबानाच्या मोबाइलवर ऐकला. "सगल्यांना सलाम. मी सुखरूप. विमानानं समुद्रावर गेल्यावर एक पलटी मारली. पन कायपन झालं नाय. माज्या हातात चाय व्हती, ती पन सांडली नाय. पेनची पोरगी बोलली व्हती, तसंच झालं अगदी."

पेणची पोरगी म्हणजे मी! चार दिवसांत तो निरोप तळा गावात पोचला, म्हसळ्यात पोचला, मुरुडला पोचला. माझ्या नावानिशी अफवा! मी आयुष्यभर ज्यांच्या मागे स्कूटर घेऊन धावले, त्या यादीत आता मीच. मी खालाला फोन लावला. माझा आवाज चढलेला होता, हे कबूल करते.

"खाला, तुम्ही खोटं का बोललात?"

"काय बोलू मंग? बसले, जेवन आलं, झोपले, उतरले? हे काय सांगायला व्हतं? एवड्या लांब येऊन?" मागे बाळ रडत होतं. "आन ऐक, हमीदाचा पोरगा तिकडं एकला हाय. तिची भीती पलटीची हाय. पलटी व्हत नाय सांगून ती बसली नसती. पलटी व्हते आन कायपन व्हत नाय, म्हटलं तर बसंल. थांब, हिला भूक लागली." फोन बंद झाला.

मी त्या दिवशी पत्रक लिहायला बसले. 'जैनबखालांचे विमान पलटी झाले नव्हते!' वाक्य आखूड होतं. उद्गारचिन्ह होतं. 'पण' नव्हता. पत्रक छापायला टाकणार, एवढ्यात कार्यालयाच्या दारात हमीदाभाभी उभी राहिली. एकटी, मिनीडोर आणि एसटी बदलत पेणपर्यंत आलेली. हातात पोराने मागेच काढून घेतलेला पासपोर्ट, डोक्यावरची ओढणी घट्ट, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा.

मी गठ्ठे खाली ठेवले आणि तिला खुर्ची दिली.

"कुवेतला जायचं हाय," ती म्हणाली. "पोरगा बोलला सीट आताच सांगावी लागते. मला तूच सांग, तू ह्यातली जानकार. पलटी मारताना खिडकीकडं बसू, का मदी?"

माझ्यासमोर टेबलावर ते आखूड वाक्य पडलं होतं. एक बोट पुढे केलं असतं तर भाभीने ते वाचलं असतं. भाभी उत्तराची वाट बघत होती, आणि खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती.

मी पत्रक उपडं घातलं.

"मधे बसा भाभी," मी म्हटलं. "आणि पट्टा सोडू नका."